टपाचा पिवळा

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर उकिडवा बसून प्लास्टिकच्या चमच्यांना पिवळा रंग मारत होतो. आईस्क्रीमबरोबर मिळतात तसले पांढरे चमचे, ओळीने अकरा, पाठी वर करून वर्तमानपत्रावर मांडलेले. "तुझा तो छोट्या गाड्यांचा छंद आहे ना, त्यावर लिही," समिती म्हणाली. "पण नुसत्या गमतीजमती नकोत. जरा इतिहास घाल. सर वाचणार आहेत."

सर वाचणार आहेत म्हणूनच हा लेख लिहायला मला तीन आठवडे लागले. या रंगांचा माझा इतिहास आपल्या शाळेच्या हॉलमध्ये सुरू होतो आणि तिथे घडलेल्या एका गोष्टीबद्दल मी चाळीसहून अधिक वर्षं गप्प बसलो आहे.

डिसेंबर १९८३. आपण नववीत होतो. विज्ञान आणि हस्तकला प्रदर्शनासाठी हॉलमधले बाक बाहेर काढून लांब टेबलं लावली होती. माझ्या डाव्या हाताला बसणारा आपला मित्र (नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच) 'चौक' करत होता. प्लायवुडच्या फळीवर चार रस्ते, बॅटरीवर पेटणारे सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, आणि मधोमध एक टॅक्सी. त्याचे वडील टॅक्सी चालवायचे, त्यामुळे चौकातली टॅक्सी ही त्याच्या दृष्टीने शोभेची वस्तू नव्हतीच. जत्रेत मिळणारी लाल प्लास्टिकची फियाट घेऊन त्याने तिच्यावर महिनाभर काम केलं होतं. तांब्याच्या तारेचं कॅरिअर डाग देऊन टपावर बसवलं होतं. डाव्या मडगार्डवर काडेपेटीच्या लाकडाचा मीटर होता आणि त्याचा झेंडा खरंच वर-खाली व्हायचा. आत स्टिअरिंगच्या दांड्याला टाचणीचा गिअर होता, कारण खऱ्या गाडीत तो तिथेच असायचा. राहिला होता फक्त रंग. पोस्टर कलर प्लास्टिकवर धरत नव्हता, सुकला की पापुद्रे निघायचे.

मी म्हणालो, "दे इकडे. माझ्या मामाचं पाइप रोडला गॅरेज आहे. खरा टॅक्सीचा रंग मारून आणतो."

पुढचं नंतर सांगतो. आधी त्या 'खऱ्या टॅक्सीच्या रंगा'चा इतिहास सांगतो, कारण तो कळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी रंगवायची पद्धत बग्गीच्या कारखान्यातली होती. ब्रशने हात मारायचा, सुकू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात मारायचा, शेवटी वॉर्निश. चांगली गाडी रंगून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे जायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. भट्टीत भाजून लवकर सुकणारा आणि टिकाऊ काळा रंग फोर्डच्या धावत्या साखळीला सोयीचा होता. रंग सुकण्याची वाट पाहत हजारो गाड्या उभ्या करायला जागा आणणार कुठून?

ही कोंडी फोडली ड्यू पाँट कंपनीने. पहिल्या महायुद्धानंतर स्फोटकांसाठी लागणारं नायट्रोसेल्युलोज तिच्याकडे भरपूर होतं आणि गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्याच पदार्थापासून १९२३ मध्ये 'ड्यूको' नावाचं लॅकर तयार झालं. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या १९२४ च्या मॉडेलसाठी याच रंगात निळ्या होऊन बाहेर पडल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्या कंपनीचं नाव आपल्याकडच्या कित्येकांनी ऐकलेलंही नसेल, पण 'ड्यूको मारून घेतला' हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात गोदरेजच्या कपाटापासून स्कूटरपर्यंत कशावरून तरी बोललं गेलेलं आहे. गॅरेजवाले त्यालाच 'एनसी' म्हणतात, म्हणजे नायट्रोसेल्युलोज.

ड्यूको इतका पटकन सुकायचा की ब्रश ओढेपर्यंत त्याच्या रेघा उमटत. म्हणून तो फवारावाच लागे. त्यासाठी लागणारी फवारणीची बंदूक तोवर तयार होती आणि तिचं मूळ आहे घशाच्या दवाखान्यात! अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलीडो गावी ॲलन डी'व्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध नीट पोहोचावं म्हणून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबरी फुगा दाबून चालणारा फवारा बनवला. त्यांच्या मुलाने, थॉमसने, तेच तत्त्व पुढे रंगाला लावलं. मामाच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली, कडांना सतराशे साठ रंगांचे थर चढलेली ती गन मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ती मूळची डॉक्टरांची आहे हे कळल्यावर मी मामाला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "म्हणूनच तिचं बिल एवढं होतं."

कॉम्प्रेसर आणि गन गॅरेजमध्ये ठीक. घरी बसून खेळण्यातली गाडी रंगवणाऱ्याने काय करावं? त्याच्यासाठीची वाट आणखी वाकडी आहे. दाब भरलेल्या डब्यातून द्रव फवारण्याची कल्पना एरिक रोथाइम या नॉर्वेच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात मांडली. तिचं सोनं झालं दुसऱ्या महायुद्धात, तेही डासांमुळे. पॅसिफिकच्या बेटांवर हिवतापाने सैनिक आजारी पडत होते. अमेरिकन कृषी खात्यातल्या लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कीटकनाशकाचा डबा तयार केला. तो जाड पत्र्याचा आणि अवजड होता. युद्धानंतर रॉबर्ट अबप्लानल्प याने बोटाने दाबायची स्वस्त झडप शोधली आणि पातळ पत्र्याचे हलके डबे शक्य झाले.

१९४९ मध्ये इलिनॉय राज्यातल्या सिकॅमोर या लहान गावी एडवर्ड सिमोर नावाचा रंग विकणारा गृहस्थ, खोल्या गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर मारायचा ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकांना कसा दाखवावा या विवंचनेत होता. त्याची बायको बॉनी म्हणाली, डासांच्या औषधासारखा डब्यातून का नाही फवारत? जगातला पहिला स्प्रे पेंटचा डबा तो. भिंतींवर नावं लिहिणाऱ्यांपासून माझ्यासारख्या गच्चीवर चमचे रंगवणाऱ्यांपर्यंत सगळे त्या बाईंचे देणेकरी आहोत.

डबे पुढे इतके खपले की त्यातल्या वायूची चिंता लागली. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवलं की डब्यातले क्लोरोफ्लुरोकार्बन वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ चा माँट्रियल करार त्यातूनच आला. हल्लीच्या डब्यात बहुधा स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद, प्रोपेन आणि ब्युटेन किंवा डायमिथाइल ईथर असतो. ओझोन वाचला, पण डबा ज्वालाग्राही झाला. त्यामुळे तो विमानाच्या सामानातून नेता येत नाही. आपली सिंगापूरची मैत्रीण मला रंग आणून द्यायला बिचारी आनंदाने तयार होती, तिला नाही म्हणावं लागलं.

आता गाड्यांकडे वळतो. छोट्या मोटारींचं एक घराणं धातूचं आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी टॉइज' विकायला काढली. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव गाड्या आणि त्यांवर भाजून पक्का केलेला इनॅमल. धातूला थिनरची भीती नाही, की भट्टीची नाही. या घराण्याची एक शाखा आपल्या देशातही आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' निघाली. साचा तोच, रंगकाम मात्र फारच गावठी. आज संग्राहक त्याच गावठी रंगासाठी पैसे मोजतात, जग असं आहे. आपल्या वर्गात एकाकडे निकीची जॅग्वार होती आणि मधल्या सुट्टीत ती हातात घ्यायला रांग लागायची, हे कुणाला आठवतं का?

दुसरं घराणं प्लास्टिकचं. अमेरिकेत युद्धानंतर मोटार कंपन्या नव्या मॉडेलच्या छोट्या प्रतिकृती विक्रेत्यांच्या दुकानांत ठेवत. या धंद्यात १९४८ मध्ये उतरलेल्या एएमटी या कंपनीने आपलं पहिलं फोर्डचं मॉडेल ॲल्युमिनियममध्ये ओतून खऱ्या फोर्डच्या रंगाने रंगवलं होतं. लगेच ती प्लास्टिककडे वळली आणि तिथे गाड्यांना वेगळाच रोग लागला. सुरुवातीचं प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट होतं, ते वर्षानुवर्षांत आपोआप वाकडं होई. मग पॉलिस्टायरिन आलं. ते वाकत नाही, साच्यातली बारीकशी रेघ उचलतं, स्वस्त पडतं. इंग्लंडची एअरफिक्स, अमेरिकेची रेव्हेल, जपानची तामिया, सगळ्यांची जोडणीची मॉडेलं पुढे त्याचीच झाली. आपल्या जत्रेतली लाल फियाटही बहुधा त्याचीच.

पॉलिस्टायरिनचा एकच दोष आहे. टोल्युइन, ॲसिटोन, एथिल ॲसिटेट अशा द्रवांत ते विरघळतं. आणि एनसी रंगाचा थिनर म्हणजे नेमकं याच मंडळींचं संमेलन.

मामाच्या गॅरेजमध्ये त्या दुपारी मामा जेवायला घरी गेला होता. रंग मारणारे कारागीर एका टॅक्सीला पासिंगसाठी तयार करत होते. लांबी भरून झाली होती, पॉलिश पेपर मारून झाला होता, गनमध्ये काळा भरलेला होता. मी लाल फियाट पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, काचेच्या जागी लावलेल्या पारदर्शक कागदाकडे पाहून कौतुकाने हसले आणि म्हणाले, "प्लास्टिक है. इसपे ये नहीं चलेगा. खराब हो जाएगा."

मी म्हणालो, काही होत नाही, मारा.

त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मी मालकाचा भाचा होतो.

काळा रंग बसला तेव्हा ती गाडी इतकी खरी दिसली की मला हसू फुटलं. दहाएक मिनिटंच. मग टपाचा मधला भाग किंचित खाली बसल्यासारखा वाटला. सकाळी पाहिलं तर उन्हाळ्यात तळ्याचा तळ फुटतो तशा भेगा सगळीभर पडल्या होत्या, टप खचला होता, आणि मीटरचा झेंडा कायमचा खाली चिकटला होता.

आज मी याचं शास्त्र सांगू शकतो. साच्यातून घाईने काढलेल्या स्वस्त प्लास्टिकमध्ये मुळातच ताण असतो. त्यावर थिनरचा ओला, जाड हात बसला की ताण मोकळे होतात आणि भेगा पडतात. म्हणूनच इंग्लंडमध्ये हल गावच्या हंब्रॉल कंपनीचे इवल्या डब्यांतले इनॅमल रंग पिढ्यान्‌पिढ्या मॉडेलवाल्यांच्या टेबलावर राहिले. त्यांचा थिनर टर्पेंटाइनच्या जातीचा, सौम्य, तो प्लास्टिकला ओरबाडत नाही. मात्र सुकायला वेळ घेतो, आणि तोवर मुंबईची सगळी धूळ त्यावर येऊन बसते. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यात सुरू झाली आणि पुढे मॉडेलकडे वळली. तिचे टीएस मालिकेचे शंभर मिलिलिटरचे डबे यातला मध्यममार्ग आहेत. जात लॅकरचीच, सुकतात पटकन, पण द्रावक बेताचं ठेवलेलं. प्लास्टिकला जरासं खातात आणि त्यामुळेच घट्ट धरतात. जाड मारले तर तेही प्लास्टिकला दुखावतात. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची टोपणं आतून रंगवायची असतात, त्यांच्यासाठी त्याच कंपनीची पीएस मालिका वेगळी. त्या टोपणावर टीएस मारला तर आपटी खाल्ली की रंग टरफलासारखा उडतो. एका अक्षराचा फरक आहे, दुकानदारही चुकतात.

"हार्डवेअरच्या दुकानातला मोठा डबा स्वस्त पडतो, तो का नाही?" असं मला नेहमी विचारलं जातं. गेट किंवा सायकल रंगवायला तो उत्तम आहे. पण त्याच्या झडपेतून रंग भसकन येतो आणि जाड बसतो. हिशेब करून पाहा. खऱ्या मोटारीवर रंगाचा एकूण थर साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. चोविसाव्या भागाच्या मॉडेलवर आपण अगदी जपून पन्नास मायक्रॉन मारला, तरी खऱ्या गाडीच्या मापाने तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातो. गाडीचा पत्राही एवढा जाड नसतो! दरवाज्याच्या फटी बुजतात, पट्ट्यांच्या कडा गोल होतात, आणि डोळ्याला कारण न कळता गाडी खेळणं वाटू लागते. योग्य रंग निवडायचा म्हणजे छटा निवडायची, असं मीही पहिली दहा वर्षं समजत होतो. आधी कोणत्या पृष्ठभागावर कोणतं द्रावक चालेल ते पाहायचं, मग थर किती पातळ बसेल ते, आणि छटेची पाळी शेवटी.

छटेचा घोळ माझ्याबाबतीत मात्र चांगलाच लांबला, कारण मला करायची होती काळी-पिवळी पद्मिनी.

या गाडीबद्दल आपल्या शाळेत कुणी कुणाला सांगायला नको. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून आधी क्रायस्लरच्या आणि १९५० च्या दशकात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट, तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. आपल्या वर्गातल्या किती जणांचे वडील तिथे होते! संध्याकाळी कारखाना सुटला की शाळेसमोरच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा. रंगखात्यात काम करणाऱ्या एका काकांच्या नखांच्या कडा रविवारीसुद्धा रंगीत असायच्या. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आपल्या व्हॉट्सॲप गटावर फोटोंचा पाऊस पडला होता. माझ्या डाव्या हाताच्या मित्राने काहीच टाकलं नव्हतं. मी तेव्हा ठरवलं.

गाडीची लांबी सुमारे ३.९ मीटर, म्हणजे चोविसाव्या भागात साधारण सोळा सेंटिमीटर. सांगाडा थ्री-डी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापून घेतला. छपाईच्या पायऱ्या घासून काढण्यात एक पावसाळा गेला. मग प्रायमर. इथे एक गोष्ट ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी: पिवळा रंग फार दुबळा असतो, खालचा रंग झाकत नाही. करड्या प्रायमरवर पिवळा मारला की तो हिरवट, आजारी दिसतो, आणि तो झाकायला आपण हातावर हात मारत बसतो. खाली पांढरा किंवा फिकट गुलाबी प्रायमर घेतला की पातळ दोन-तीन हातांत पिवळा उजळ उठतो. हलका रंग आधी, गडद मागून. म्हणून टप आधी पिवळा करायचा, मास्किंग टेपने झाकायचा, मग अंग काळं.

पण कोणता पिवळा? टॅक्सीचा पिवळा म्हणून एकच एक रंग कधी नव्हताच. दर पासिंगच्या आधी ज्या गॅरेजने जो पिवळा कालवला तो त्या वर्षीचा. त्यावर ऊन, पाऊस आणि धूर. मी फोटो जमवले. जुन्या फोटोतले रंगच उडालेले, त्यांच्यावर विसंबून काही ठरवणं म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला रस्ता पुसण्यासारखं. शेवटी चमचे. टीएस-१६, साधा पिवळा: माझ्या डोळ्याला लिंबाकडे झुकलेला. टीएस-३४, कॅमल यलो: हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोटस संघाच्या शर्यतीच्या गाड्यांवर जो सिगारेटच्या जाहिरातीचा पिवळा होता, त्याच्या नावाचा. देखणा, पण केशराकडे गेलेला. टीएस-४७, क्रोम यलो: या दोघांच्या मधला. प्रत्येक एका, दोन आणि तीन हातांत, पांढऱ्या आणि गुलाबी प्रायमरवर. चमचे उन्हात नेऊन पाहिले, ट्यूबलाइटखाली पाहिले. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो, त्यामुळे निवड किंचित फिकटाकडे करावी लागते. ४७ ठरला, दोन हात, गुलाबीवर.

पहिला प्रयत्न जुलैत केला, तो माझा आळस. दमट हवेत लॅकर मारलं की द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंगावर दुधाची साय येते. काळ्यावर तर राख फासल्यासारखं दिसतं. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ येईपर्यंत थांबलो. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा (कोमट, गरम नव्हे, तो फुटू शकतो), नीट हलवायचा, वीसएक सेंटिमीटरवरून, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. पहिला हात इतका पातळ की मारलाय की नाही अशी शंका यावी. तोंडाला मास्क, तोही वाफेसाठीचा. आपण सगळे आता छप्पन्नच्या आसपास आहोत.

काळ्यासाठी दोन पर्याय होते. टीएस-२९ अर्धवट चमकीचा, आणि टीएस-१४ पूर्ण चमकीचा. मुंबईतल्या कुठल्याही टॅक्सीचं मॉडेल करणाऱ्याला मी २९ घ्यायला सांगेन, कारण रस्त्यावरची टॅक्सी आरशासारखी चमकत नाही. मी १४ घेतला. त्याचं कारण मित्राचे वडील. सकाळी साडेसहाला आम्ही क्लासला जायचो तेव्हा ते चाळीच्या नळाशी बादली आणि पिवळं फडकं घेऊन गाडी पुसत असायचे. बॉनेटमध्ये चाळीचा कठडा उलटा दिसायचा.

प्रदर्शनाच्या दिवशीही ते आले होते, दुपारी, खाकी कपड्यांत, गाडी फाटकासमोर लावून. चौकात सिग्नल लागत होते, विझत होते, आणि मधोमध टॅक्सीच्या जागी काहीच नव्हतं. सकाळी सरांनी ती खचलेली, भेगाळलेली गाडी पाहून विचारलं होतं, "हे कसं झालं?" मित्र माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "सर, याने ती गॅलरीत उन्हात ठेवली होती." तो काही बोलला नाही. सर म्हणाले, "महिनाभराची मेहनत अशी वाया घालवतात?" आणि गाडी टेबलाखाली ठेवायला लावली. सर, तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही बोललात. त्याच्या वडिलांनी विचारलं, "तुझी गाडी रे?" तो म्हणाला, "मोडली, बाबा." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सिग्नल मात्र फार छान झालेत असं म्हणाले. मी शेजारच्याच टेबलाशी उभा होतो.

दहावीनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मैत्री तुटली नाही, लग्नकार्यात भेटलो, त्याचे वडील गेले तेव्हा मी गेलो होतो. हा विषय त्याने कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. गॅरेजमधल्या कारागिरांचीही माफी मागायची राहिली. ते गावी गेले ते परत आले नाहीत, आणि मामाही आता नाही.

गाडी तयार आहे. कॅरिअर तांब्याच्या तारेचं आहे, त्याच्याच पद्धतीने डाग देऊन. मीटरचा झेंडा वर-खाली होतो, त्यासाठी चार वेळा करावा लागला. नववीतल्या मुलाने काडेपेटीच्या लाकडातून तो पहिल्या खेपेला कसा केला होता, मला अजून कळलेलं नाही. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे. टपावरचा पिवळा आणि अंगावरचा काळा यांच्यामधली रेघ मागच्या काचेपाशी केसभर हलली आहे, ती मी दुरुस्त केलेली नाही. गॅरेजमध्येही ती तिथेच हलायची.

फक्त नंबर प्लेट कोरी आहे. तेव्हा एमएच सुरू व्हायचं होतं, एवढं मला माहीत आहे. अक्षरं आणि आकडे मात्र आठवत नाहीत, इतक्या सकाळी पाहूनही. मेळाव्याला येताना नंबर लिहून आण. बारीक ब्रश आणि रंगाची बाटली मी खिशात घेऊन येतो.